मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी बिल्ड सिस्टीम कशी निवडायची?



संगणक शिकणारी मुलं मुक्त सॉफ्टवेअरचा कोड हौसेने उतरवून घेतात आणि पहिल्याच पायरीवर अडकतात. बिल्ड होत नाही. मग मूल म्हणतं, "मला हे जमणार नाही." पुष्कळदा दोष मुलाचा नसतो, प्रकल्पाने निवडलेल्या बिल्ड सिस्टीमचा असतो.

बिल्ड सिस्टीम म्हणजे काय?

पुरणपोळीचं उदाहरण घेऊ. डाळ शिजल्याशिवाय पुरण वाटता येत नाही. कणीक मात्र दुसरं कुणी त्याच वेळी मळू शकतं. कणीक बिघडली तर ती पुन्हा मळायची, डाळ परत शिजवायची गरज नाही. कशाआधी काय, एकाच वेळी काय आणि पुन्हा काय करायचं, हा हिशेब शेकडो फाइलींसाठी ठेवते ती बिल्ड सिस्टीम.

मुख्य पर्याय

- मेक : 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तयार केलं. फाइल बदलल्याची वेळ पाहून ते काम ठरवतं. लहान प्रकल्पाला उत्तम. पण आज्ञेच्या ओळीआधी टॅबऐवजी स्पेस पडली, की नवखा तिथेच अडतो.
- ऑटोटूल्स : वेगवेगळ्या युनिक्स संगणकांवर चालावं म्हणून आलं. जुनं, भक्कम, पण समजायला अवघड.
- सीमेक : स्वतः बिल्ड करत नाही. मेक, निन्जा किंवा व्हिज्युअल स्टुडिओसाठी लागणाऱ्या फाइली लिहून देतं.
- मेसन : याची भाषा मुद्दाम छोटी ठेवलेली आहे, त्यामुळे वाचायला सोपी. प्रत्यक्ष काम बहुधा निन्जाकडून करून घेतं.

एक खरी गोष्ट

केडीई हा लिनक्सवरचा मोठा प्रकल्प. आधी तिथे ऑटोटूल्स होतं. ते सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी एसकॉन्स वापरून पाहिलं आणि शेवटी 2006 मध्ये सीमेककडे वळले. विंडोज आणि मॅकवरही चालणं हवं होतं, शिवाय सीमेक बनवणारी मंडळी मदतीला तयार होती. म्हणजे साधनाइतकीच त्यामागची माणसंही महत्त्वाची.

निवडताना विचारायचे प्रश्न

1. भाषेचं स्वतःचं साधन आहे का? रस्टला कार्गो आहे, मग बाहेर शोधायचं कशाला?
2. सॉफ्टवेअर कुठे कुठे चालवायचं आहे? फक्त लिनक्सवर की विंडोजवरही?
3. नवीन माणसाला दोन-तीन आज्ञांत बिल्ड करता येतं का?
4. ती बिल्डची फाइल एकापेक्षा जास्त जणांना कळते का?

चौथा प्रश्न किरकोळ वाटेल, पण आहे गंभीर. 2024 मध्ये एक्सझेड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. त्याला वाट करून देणारी ओळ बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये लपवलेली होती, आणि तीही फक्त वाटपासाठीच्या फाइलींत, सर्वांसमोरच्या कोडमध्ये नव्हे. जे कुणी वाचत नाही, तिथेच लपायला जागा मिळते.

म्हणून सर्वांत नवीन साधनापेक्षा आपल्या लोकांना वाचता येईल असं साधन निवडावं. आणि मूल बिल्डपाशी अडलं, तर त्याला सांगा : कुठे अडलास ते नीट लिही, सूचना दुरुस्त कर आणि प्रकल्पाला पाठव. मुक्त सॉफ्टवेअरमधलं तेही खरंखुरं योगदानच आहे.