धन आणि धन्यता

जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस चर्चची मुख्य वेदी सोन्याच्या मुलाम्याने झळकते. ज्याच्या नावाचे हे प्रार्थनामंदिर, तो आसिसीचा फ्रान्सिस मात्र धनाढ्य कापडव्यापाऱ्याचा पुत्र असूनही स्वेच्छेने निष्कांचन झाला. सुमारे १२०६ साली बिशपसमक्ष त्याने अंगावरची वस्त्रेही पित्याच्या स्वाधीन केली. डोंगरावरील प्रवचनात ख्रिस्ताने दीनांना धन्य म्हटले. फ्रान्सिसने ते अक्षरशः आचरले. धन हे पाप नव्हे, त्याची आसक्ती ही बेडी होय, असा त्या उपदेशाचा आशय आम्हांस दिसतो. मात्र त्या सोनेरी वेदीकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या देवळांतील चांदीच्या पालख्या आठवाव्यात. देव सजला आणि दारचा भुकेला विन्मुख गेला, तर धन्यता कोणाच्या पदरी पडली?