पाखरांच्या गावी एक दिवस

माझी थोरली बहीण गेली सोळा वर्षे ग्लासगोला असते. दाजी तिथे डॉक्टर. "एकदा तरी ये रे" हे अक्काचे पालुपद दर दिवाळीला ठरलेले, आणि "पुढच्या सुट्टीत नक्की" हे माझे उत्तरही तितकेच ठरलेले. गेल्या वर्षी मात्र मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे झाले आणि मी खरोखरच विमानात जाऊन बसलो. मराठीचा प्राध्यापक स्कॉटलंडला निघाला म्हणून स्टाफरूममध्ये यथेच्छ चेष्टा झाली. मी मनाशी बेत मोठा साहित्यिक आखला होता : वॉल्टर स्कॉटचे घर, रॉबर्ट बर्न्सचे जन्मगाव, एडिंबरोचा किल्ला.

पण भाच्याचा बेत वेगळा होता. निखिल बारा वर्षांचा, जन्माने तिथलाच. मराठी बोलतो, पण गच्चीवर पापड पसरावेत तसा एकेक शब्द नीट मांडत. त्याला वेड पाखरांचे.

"मामा, लेखकांची घरं कुठे पळून जात नाहीत," तो म्हणाला. "पफिन ऑगस्टमध्ये जातात."

या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे सेंट किल्डाला निघालो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांची माळ आहे. त्या माळेच्याही पलीकडे, उघड्या अटलांटिक महासागरात सुमारे ४० मैलांवर सेंट किल्डा हा खडकाळ बेटांचा पुंजका आहे. किल्डा नावाचा कोणी संत होऊनच गेला नाही. मग हे नाव पडले कशावरून, यावर पंडितांत एकमत नाही. आमचे व्युत्पत्तीकार आठवले आणि परक्या मुलखात जरा घरच्यासारखे वाटले. पुंजक्यातले मोठे बेट हिर्टा. माणसे राहत ती तिथेच.

हॅरिस बेटावरच्या लेव्हरबर्ग या गावाहून उन्हाळ्यात तिकडे होड्या जातात. म्हणजे वाऱ्याच्या मनात असेल तर जातात. पहिल्या दिवशी सकाळीच निरोप आला, आज नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता निघालो. जवळजवळ तीन तासांचा प्रवास. 'बोट लागणे' हा वाक्प्रचार मी वर्गात अनेकदा समजावून सांगितला आहे. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. अक्काने दिलेल्या आलेपाकाच्या वड्या एकामागून एक तोंडात टाकत मी क्षितिजावर नजर खिळवून बसलो होतो. निखिल मात्र कठड्याशी उभा राहून ओरडत होता, "फुल्मर! मामा, फुल्मर!"

राखाडी पाठीचा, जाड मानेचा एक पक्षी होडीच्या बरोबरीने चालला होता. पंख फळीसारखे ताठ. लाट वर आली की तोही वर, लाट खाली गेली की तोही खाली. पंख म्हणून हलवायचा नाही. माझ्या पोटातली अवस्था आणि त्याची ती निश्चिंती पाहून मला त्याचा मनस्वी हेवा वाटला.

हिर्टाला धड धक्का नाही. मोठी होडी उपसागरात नांगरतात आणि लहान रबरी होडीतून चार-चार, सहा-सहा माणसे किनाऱ्यावर सोडतात. उतरण्यापूर्वी पिशव्या झटकून पाहाव्या लागतात, बुटांचे तळ घासून घ्यावे लागतात. कारण? उंदीर! या बेटांवर घुशी-उंदीर नाहीत. (एक रानउंदीर आहे, तो तिथलाच जुना रहिवासी.) जमिनीतल्या बिळांत एकुलते अंडे घालणाऱ्या पाखरांच्या गावात एखादी गाभण घूस पोचली, तर थोड्या वर्षांत गाव उठेल. गणरायाच्या वाहनाला इतकी कडक बंदी मी आणखी कुठे पाहिलेली नाही.

किनाऱ्यापासून वर हिरवी उतरण, आणि तिच्या कमरेला पट्टा बांधावा तशी सोळा दगडी घरांची एकच एक गल्ली. काहींवर छप्पर आहे, बाकीच्यांच्या नुसत्या भिंती. २९ ऑगस्ट १९३० रोजी इथल्या उरलेल्या ३६ माणसांनी स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडले. तरुण मंडळी आधीच निघून गेली होती, दुखण्याखुपण्याला औषध नव्हते, हिवाळ्यात महिनोन् महिने होडी येत नसे. जाताना त्यांनी घराघरात बायबल उघडे ठेवले, त्याच्याजवळ मूठभर ओट ठेवले. कुत्री मात्र गळ्यात दगड बांधून समुद्रात बुडवली. हे वाचून निखिल बराच वेळ बोलला नाही. आठ वर्षांची असताना जी मुलगी त्या जहाजातून गेली, ती रेचेल जॉन्सन २०१६ साली वारली. बेटावर जन्मलेल्यांपैकी ती शेवटची.

ही माणसे जगत होती ती पाखरांवर. इथे झाड नाही, शेती नावाला, आणि समुद्र इतका खवळलेला की मासेमारीचाही भरवसा नाही. फुल्मर, गॅनेट आणि पफिन हे त्यांचे अन्न. फुल्मरच्या तेलावर दिवा जळे, पिसांवर जमीनदाराचा खंड भागे. रोज सकाळी सारे पुरुष गल्लीत जमून आज काय काम करायचे ते ठरवीत; परके लोक या बैठकीला थट्टेने 'पार्लमेंट' म्हणत. धरलेली पाखरे ज्याच्या घरी जितकी तोंडे त्या मानाने वाटली जात. बेटभर हजाराहून अधिक ठेंगण्या दगडी कोठ्या दिसतात. चुना-माती काही नाही, कोकणातल्या गडग्यासारखा दगडावर दगड आणि वर गवताची ढेकळे. फटींतून वारा खेळे आणि आतली पाखरे वाळत.

आम्ही डोंगरावर चढू लागलो आणि एकाएकी माझ्या टोपीवरून काहीतरी सणसणत गेले. तपकिरी, दांडगा पक्षी. वळला आणि पुन्हा सरळ माझ्या डोक्याचा नेम धरून आला. "स्कुआ!" निखिल म्हणाला. "त्याचं घरटं जवळ आहे. हात वर कर, तो सर्वांत उंच असेल त्यालाच मारतो." जून महिना म्हणून मी सवयीने छत्री नेली होती. ती उघडून डोक्यावर धरली आणि स्कॉटिश वाऱ्याने तिचे तत्काळ कमळ केले. पण स्कुआचे समाधान झालेले दिसले. निखिल हसता हसता गंभीर झाला. पूर्वी इथून चालताना म्हणे चारी बाजूंनी हल्ला होई. २०२२ च्या उन्हाळ्यात पाखरांत साथीचा फ्लू आला आणि साऱ्या ब्रिटनमध्ये मिळून दर चार स्कुआंपैकी जेमतेम एक उरला.

वर पोचलो आणि जमीन संपली. कोनाखर नावाचे हे शिखर ४३० मीटर उंच आहे, आणि पलीकडच्या बाजूने ते जवळजवळ सरळ समुद्रात कोसळते. आम्ही पालथे झोपून, मान पुढे काढून खाली पाहिले. जिथे म्हणून हातभर फळी होती तिथे फुल्मर बसला होता. जोडी-जोडीने बसून माना डोलवीत त्यांची काही कुरबूर चालली होती, वाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडकरूंसारखी. हा पक्षी फार जवळ गेलात तर तोंडातून दुर्गंधी तेलाची पिचकारी मारतो, आणि कपड्यांवरचा तो वास जाता जात नाही. १८७८ पर्यंत साऱ्या ब्रिटनमध्ये तो फक्त याच बेटांवर अंडी घालत असे. आयुष्य दांडगे, चाळिशी सहज ओलांडतो. जॉर्ज डनेट नावाच्या एका शास्त्रज्ञाने ऑर्कनी बेटांत १९५१ साली एका फुल्मरला कडे घातले आणि त्याला हातात घेऊन फोटो काढला. पुढे १९८६ साली तोच पक्षी पुन्हा हाती आला. दोन्ही फोटो निखिलच्या पुस्तकात शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात तरुण पोरगा, दुसऱ्यात पिकलेला प्रोफेसर. पक्षी मात्र जसाच्या तसा! चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने असले फोटो फार वेळ पाहू नयेत.

याच कड्यावरून बेटावरचे पुरुष घोड्याच्या केसांच्या दोराला लटकून अनवाणी उतरत. आपली हिरकणी एका रात्री एकदा उतरली. हे दर उन्हाळ्यात उतरत. माणशी वर्षाला शंभराच्या वर फुल्मर लागत.

"मामा, एवढे पक्षी मारायचे. तुला राग नाही येत?" निखिलने विचारले.

मी म्हटले, "नाही येत. ते कितीही वर्षं मारत राहिले तरी फुल्मर संपले का? त्यांना पुढच्या वर्षीही खायचं होतं."

त्याला ते पटले असावे. निदान तो पुढे वाद घालत बसला नाही.

पफिन दिसला तो परतीच्या होडीत बसल्यावर, डून नावाच्या चिंचोळ्या बेटापाशी. आधी एक, मग पन्नास, मग मोजता येईनात इतके. उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त. अंगात काळा डगला आणि पांढरी बंडी, एखाद्या ठेंगण्या वकिलासारखी. पण चोच पाहावी तर पोळ्याच्या बैलाची शिंगे! तांबडी, पिवळी, निळसर, पट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेली. आणि पोळा सरला की हा रंगही उतरतो. विणीचा हंगाम संपल्यावर चोचीवरचे रंगीत कवच गळून पडते. होडी जवळ आली की काही बुडी मारत, काही उडू पाहत. ते उडणे म्हणजे सुटलेली गाडी पकडायला धावणाऱ्या स्थूल गृहस्थाची धडपड.

"याला मराठीत काय म्हणतात?" निखिलने विचारले.

मी प्राध्यापक ना! क्षणभर विचार केल्यासारखे केले. मग सांगितले की आपल्या समुद्रावर हा येत नाही, म्हणून आपण त्याला हाकही मारलेली नाही.

"मग तू ठेव ना नाव."

मी 'पोळ्या' म्हटले. ते त्याला फार आवडले, आणि पुढचा अर्धा तास होडीतल्या गोऱ्या मंडळींनी "पोळ्या! पोळ्या!" असा घोष ऐकला.

हिर्टापासून चार मैलांवर बोरेरे हे बेट आणि त्याचे दोन सुळके आहेत, स्टॅक ली आणि स्टॅक ॲन आर्मिन. दुरून मला त्यांचे माथे चुन्याने रंगवल्यासारखे दिसले. जवळ जाताच चुना हलू लागला. ते सगळे गॅनेट होते. २०१३ च्या मोजणीत इथे सुमारे ६०,००० जोड्या भरल्या. वास असा की आलेपाकाची शेवटची वडी मी नाकाशी धरली. वर आकाशात पांढऱ्या पंखांची भोवरी फिरत होती. एकेकाचा पसारा सहा फूट. त्यातला एखादा मधेच थबके, पंख मागे घेई आणि भाला फेकावा तसा शंभर फुटांवरून पाण्यात घुसे. आपटताना इजा होऊ नये म्हणून त्याच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, आणि नाकपुड्या बाहेरून नसतातच. फ्लूने यांनाही सोडले नाही. एडिंबरोजवळच्या बास रॉकवर २०१४ साली ७५,००० जोड्या होत्या, त्या २०२३ मध्ये ५२,००० च्या आत आल्या. वाचलेल्यांपैकी काहींचे फिकट निळे डोळे काळे झाले आहेत. निखिल दुर्बिणीतून तेच शोधत होता. एकही काळा डोळा सापडला नाही म्हणून तो खूश, पण होडी फार हलत होती.

स्टॅक ॲन आर्मिन १९६ मीटर उंच आहे. ऑगस्ट १७२७ मध्ये तीन पुरुष आणि आठ मुले पाखरे धरायला या सुळक्यावर उतरली. त्यांना न्यायला होडी आलीच नाही; तिकडे हिर्टावर देवीची साथ आली होती, आणि होडी वल्हवायला माणसे उरली नव्हती. ती अकरा जणे पुढच्या मे महिन्यापर्यंत इथे, या उघड्या दगडावर, पाखरे आणि मासे खाऊन जगली. वर बोट दाखवून तांडेलाने हे सांगितले तेव्हा होडीत कोणी बोलेना.

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. १८४० च्या सुमारास याच सुळक्यावर काही जणांना ग्रेट ऑक सापडला. हा हंसाएवढ्या उंचीचा, उडता न येणारा पक्षी. तेव्हाच फार दुर्मिळ झालेला. त्यांनी तो बांधून तीन दिवस ठेवला. इतक्यात मोठे वादळ उठले. हा पक्षी नव्हे, चेटकीण आहे, हिनेच वादळ आणले, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. ब्रिटनमध्ये दिसलेला तो शेवटचा ग्रेट ऑक. १८४४ साली आइसलँडजवळ एक जोडी मारली गेली, त्यानंतर हा पक्षी जगात कोणी खात्रीने पाहिलेला नाही.

निखिलचा चेहरा लाल झाला. "पाऊस आला म्हणून मारलं? खायला पण नाही?"

मी काही बोललो नाही. सुळका मागे पडला, गॅनेट विरळ झाले. थोड्या वेळाने मीच त्याला सांगायला सुरुवात केली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. अक्कालाही ही गोष्ट ठाऊक नाही. ती तेव्हा पुण्याला शिकत होती. मी दहा वर्षांचा होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबा तापाने अंथरुणाला खिळले होते. मागच्या चिंचेवर रोज रात्री घुबड बोले. घरातल्या बायका कानांवर हात ठेवीत. एका दुपारी आम्ही चार पोरे चिंचेखाली जमलो. ढोलीत धूर केला, आणि ते बाहेर पडल्यावर दगड मारले. एक दगड माझा होता. दुसऱ्या दिवसापासून आजोबांचा ताप उतरू लागला. तालुक्याच्या डॉक्टरांची इंजेक्शने चार दिवस चालू होती, ते कोणाच्या ध्यानीही आले नाही. आजीने आम्हा पोरांना गूळ-खोबरे दिले.

निखिल बराच वेळ समुद्राकडे पाहत होता. फुल्मर पुन्हा होडीच्या बरोबरीने आला होता.

"ते मोठं होतं की पिल्लू होतं?" त्याने विचारले.

आठवत नाही, असे मी म्हणालो. मला आठवत होते.