दोष कानांचा, शिक्षा मुलाला

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव आहे. तेथून महाविद्यालयात येणारा एक विद्यार्थी दोन वर्षे माझ्या लेखी बेफिकीर होता. प्रश्न विचारला की तो माझ्या तोंडाकडे टक लावून पाही आणि भलतेच उत्तर देई. मी फळ्याकडे वळून बोलू लागलो की त्याची लेखणी थांबे. वर्ग हसे, एकदा मीही हसलो. पुढे तपासणीत निष्पन्न झाले की लहानपणी वाहणाऱ्या कानांकडे दुर्लक्ष झाल्याने त्याची श्रवणशक्ती क्षीण झाली होती. बेफिकीर तो नव्हता, मी होतो.

बहिरेपणा म्हणजे काहीच ऐकू न येणे, हा समज चुकीचा आहे. पुष्कळदा आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाही. उतारवयात स, श यांसारखे वर्ण आधी निसटतात. म्हणून आजोबांना मुलाचे बोलणे कळते, नातीचे कळत नाही. ‘सगळे पुटपुटतात’ ही तक्रार, दूरचित्रवाणीचा वाढविलेला आवाज, चारचौघांत वाढत जाणारा अबोला, ही सारी पूर्वचिन्हे होत. तान्हे मूल मोठ्या आवाजाने दचकत नसेल, वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणत थांबणे घातक आहे. जन्मजात दोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्यापर्यंत व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. कारण भाषा रुजण्याचा काळ तोच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार बालवयातील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोगे आहेत, आणि उपचाराविना राहिलेल्या श्रवणदोषांपायी जगाचे दरवर्षी सुमारे ९८० अब्ज डॉलरचे नुकसान होते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही निव्वळ उधळपट्टी आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतून तपासणी होते. परंतु पथक एखादा दिवस येते; शिक्षक मुलाला वर्षभर पाहत असतो. म्हणून खरी जबाबदारी त्याची आहे. मुलाच्या पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात त्याचे नाव घ्यावे. ते वळले नाही, किंवा त्याचा कान वाहत असेल, तर कानात कोमट तेल न घालता त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी एवढे करणे अवघड नाही. मी केले नाही, ही खंत अजून सरलेली नाही.