टेबलावर मांडलेलं जग: चाळीसगावचे केकी मूस

मुंबईहून भुसावळकडे निघालं की मनमाड, नांदगाव मागे टाकून गाडी चाळीसगावला थांबते. जळगाव जिल्ह्यातलं हे जंक्शन. धुळ्याला जाणारा फाटा इथूनच फुटतो. बहुतेक प्रवासी इथे चहा घेतात आणि पुढे जातात. स्टेशनपासून जवळच एक जुना दगडी बंगला आहे. कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजेच केकी मूस, या घरात आयुष्याचा बहुतेक काळ राहिले, इथेच त्यांनी काम केलं, आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचं निधन झाल्यावर त्यांच्या कामाचं संग्रहालयही इथेच झालं. खानदेशात आणि आसपास पाहायलाच हव्यात अशा जागांची यादी करायला मला कुणी सांगितलं, तर मी अजिंठ्यानंतर लगेच या घराचं नाव घेईन.

केकी मूस हे नाव ऐकलेल्या दहा माणसांपैकी नऊ जण एक गोष्ट सांगतात. मुंबईत शिकताना त्यांचं एका मुलीवर प्रेम होतं, ती चाळीसगावला येईन म्हणाली होती, आणि हा माणूस पुढची पन्नास वर्षं रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला दार उघडं ठेवून, दोघांचं ताट मांडून तिची वाट पाहत राहिला. ती आली नाही आणि ते घराबाहेर पडले नाहीत. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी ही गोष्ट इतक्या वेळा छापली आहे की आता ती चाळीसगावच्या ओळखीचाच भाग झाली आहे. ती खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. एखाद्याच्या मनातल्या ठेव्याची शहानिशा करणारे आपण कोण? पण या गोष्टीने एक मोठं नुकसान केलं आहे. लोक संग्रहालयात येतात ते गोष्ट डोक्यात घेऊन, हळहळतात, आणि फोटोंसमोरून भराभर पुढे सरकतात. ज्या कामासाठी या माणसाने स्वतःला कोंडून घेतलं, त्या कामाकडे नीट बघणारा विरळाच.

म्हणून आधी कामाकडे वळू.

मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा. (पंजाब मेलही त्याच वर्षी, जून १९१२ मध्ये, पहिल्यांदा धावली.) घरचा धंदा चाळीसगावात सोडावॉटरचा आणि मद्यविक्रीचा. शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात. नंतर इंग्लंडला जाऊन त्यांनी कमर्शियल आर्टचा अभ्यास केला आणि त्यातच फोटोग्राफीही शिकून घेतली. ही बाब महत्त्वाची आहे. जाहिरातीचा फोटो काढणाऱ्याला साबणाची वडी किंवा अत्तराची बाटली टेबलावर ठेवून, एक-दोन दिव्यांच्या उजेडात ती हवीहवीशी करून दाखवावी लागते. वस्तू हलवायची, दिवा हलवायचा, पुन्हा कॅमेऱ्याच्या काचेवर बघायचं. चार वस्तू आणि एक दिवा एवढ्यावर हवं ते दाखवता येतं, हा विश्वास ते तिथून घेऊन आले असावेत. परतल्यावर मुंबईत स्टुडिओ थाटणं सहज शक्य होतं. ते चाळीसगावला आले आणि घरातलं टेबल हाच त्यांचा मुलूख झाला.

टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणजे टेबलावर लहानसा देखावा उभा करायचा आणि फोटोत तो खराखुरा, कोसभर पसरलेला वाटला पाहिजे. बर्फाला पीठ किंवा मीठ, झाडांना वाळक्या काटक्या, तळ्याला काचेचा तुकडा, ढगांना कापूस, धुक्याला धूर. सामान सगळं स्वयंपाकघरातलं आणि परसातलं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

पहिली अडचण कणांची. नुसतं पीठ पसरलं तर ते मंद, पांढरं, निर्जीव दिसतं. त्यात बर्फाची चमक नसते. मीठ चमकतं, पण लेन्सच्या जवळचा मिठाचा कण फोटोत धोंड्याएवढा होतो. म्हणजे पुढच्या भागाला एक पोत, मागच्या भागाला दुसरा, आणि दोहोंचा सांधा दिसता कामा नये. दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या उंचीची. देखाव्यातला माणूस बोटभर असेल, तर लेन्स त्या बोटभर माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. ती थोडी जरी वर गेली तरी पाहणाऱ्याला कळतं की आपण खेळणं बघतो आहोत.

तिसरी अडचण उजेडाची, आणि खरं कौशल्य इथे लागतं. सूर्य इतका दूर आहे की कुंपणाच्या सगळ्या खांबांच्या सावल्या एकमेकींना समांतर पडतात. टेबलाजवळ दिवा ठेवला की त्याच सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि सोंग उघडं पडतं. दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यावा तर सावल्या सरळ होतात, पण उजेड पार कमी होतो. त्यातच, एवढ्या जवळून फोटो काढताना पुढची काटकी आणि मागचा डोंगर दोन्ही रेखीव हवे असतील, तर लेन्सचं छिद्र अगदी लहान करावं लागतं. उजेड कमी, छिद्र लहान, म्हणजे एक्स्पोजर लांबतं. तेवढा वेळ खोलीत वाऱ्याची झुळूक चालत नाही. खिडक्या बंद, पंखा बंद. मे महिन्यातला खानदेश ज्याने भोगला आहे, त्याला यापुढे काही सांगायला नको.

हे झाल्यावर डार्करूम. फिल्म धुण्याचं रसायन साधारण २० अंश सेल्सिअसला नीट काम करतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो आणि नळाचं पाणीही कोमट येतं. तापमान वाढलं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, फुगतो, सुरकुततो, प्रसंगी सुटूनही येतो. त्या काळी उष्ण भागातल्या फोटोग्राफरला रात्री उशिरा काम करावं लागे, रसायनांची भांडी बर्फात ठेवावी लागत आणि थर घट्ट करणारी तुरटीसारखी द्रव्यं वापरावी लागत. मूस यांचे बर्फाचे देखावे बघताना मला हे सारखं आठवतं. त्या पांढऱ्या उतारांवर कुठे डाग नाही, कुठे ओरखडा नाही, सावलीतही तपशील शिल्लक आहे. हे नशिबाने होत नाही. नुसतं प्रेमभंगानेही होत नाही.

या दृष्टीने पाहिलं की त्यांच्या घरात राहण्याचाही वेगळा अर्थ लागतो. टेबलावरचा देखावा दोन-चार दिवस जागचा हलू द्यायचा नसेल, तर घर आपलं हवं, वेळ आपला हवा आणि कुणाची घाई नको. एकांत ही त्यांच्या कामाची गरज होती. आणि तो एकांत काही संन्याशाचा नव्हता. माणसं त्यांच्याकडे येत, ते व्यक्तिचित्रं काढत. विनोबांचा फोटो घेण्यासाठी मात्र त्यांनी उंबरठा ओलांडल्याचं सांगतात. चित्रं, शिल्पं, लाकडावरचं कोरीवकाम, कागदाच्या घड्यांतून केलेल्या आकृती, संगीत हे सगळं त्या घरात चालू असे. त्यांच्या फोटोंना तीनशेच्या आसपास पारितोषिकं मिळाल्याचं सांगितलं जातं. त्या काळात फोटोंची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं, म्हणजे सलोन, टपालावर चालत. मोठा प्रिंट पुठ्ठ्यांत बांधून पाठवायचा, परीक्षक तो निवडायचे, मागे प्रदर्शनाची चिठ्ठी चिकटायची आणि प्रिंट घरी परत. आगगाडीच्या जंक्शनवर राहणाऱ्या माणसाला हे सोयीचंच होतं. मूस चाळीसगावात राहिले, त्यांचे फोटो जग फिरून आले.

त्यांच्याच पिढीची दुसरी पारशी फोटोग्राफर आठवते, होमाई व्यारावाला. जन्म १९१३ चा, नवसारीचा. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट. या बाई खांद्यावर कॅमेरा टाकून मुंबई-दिल्लीच्या रस्त्यांवर फिरल्या आणि स्वातंत्र्याचा पहिला दिवस, गांधीजींची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. एक जण इतिहासाच्या मागे धावत होती, दुसरा टेबलाशी बसून नसलेली ठिकाणं निर्माण करत होता. होमाईंचं नाव आज देशाला ठाऊक आहे, त्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. मूस यांचं नाव जिल्ह्याबाहेर फारसं जात नाही. बातमीचा फोटो देशाच्या आठवणीत राहतो, हे समजण्यासारखं आहे. पण प्राग शहरात योसेफ सुदेक नावाच्या एका हाताच्या फोटोग्राफरने १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले, दवाने धुरकटलेली काच आणि पलीकडचं झाड, बस. त्या मालिकेला जगाच्या फोटोग्राफीच्या इतिहासात मानाचं पान आहे. एका खोलीत राहून केलेलं काम लहान ठरत नाही. ते मांडणारे, त्यावर लिहिणारे लोक मात्र लागतात, आणि मूस यांच्या बाबतीत आपण मराठी माणसं तिथेच कमी पडलो.

खानदेशला जपणूक परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी गेले (मूस यांच्याच तारखेला), आणि धुळेकरांनी १९२७ च्या जानेवारीतच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांना त्यामुळे छप्पर मिळालं. जळगावला जैन हिल्सवर २०१२ पासून गांधीतीर्थ आहे. तिथली मांडणी आणि कागदपत्रांची निगा महानगरातल्या संग्रहालयाने पाहून जावी अशी आहे. या दोहोंच्या मध्ये चाळीसगावचं हे घर. इथे फोटो आहेत, चित्रं-शिल्पं आहेत, मूस यांनी जमवलेल्या जुन्या वस्तू, पुस्तकं, ध्वनिमुद्रिका आहेत, आणि मुख्य म्हणजे ज्या भिंतींच्या आत हे सगळं घडलं त्या भिंतीही आहेत. कलावंताचं काम आणि कामाची जागा एकत्र टिकल्याची उदाहरणं महाराष्ट्रात फार नाहीत. त्यांच्या पश्चात ज्या मंडळींनी हा ठेवा विखुरू दिला नाही, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

मात्र फोटो दगडासारखे टिकत नाहीत. त्या काळातल्या अ‍ॅसिटेट फिल्मला उष्णता आणि दमटपणा लागला की ती आतून कुजू लागते. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, फिल्म आक्रसते आणि प्रतिमेचा थर सुरकुततो. एकदा हे सुरू झालं की थांबवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी ठेवून लांबवता येतं एवढंच. प्रिंटला कसर आणि वाळवीचं भय. हा कुठल्या एका विश्वस्तमंडळाच्या खिशातून निघणारा खर्च नाही. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आणि खानदेशातल्या उद्योजकांनी मिळून तीन गोष्टी करायला हव्यात: प्रत्येक निगेटिव्ह आणि प्रिंटची नोंद, त्यांची उत्तम प्रतीची डिजिटल प्रत, आणि मूळ वस्तूंसाठी थंड खोली. शिवाय मूस यांच्या फोटोंचं नीट छापलेलं, प्रत्येक फोटो कसा घडला हे सांगणारं मराठी पुस्तक हवं. कलाशिक्षण देणाऱ्या संस्थांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेताना एक दिवस चाळीसगावसाठी राखून ठेवावा.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. भुसावळ, जळगाव, नाशिक, मुंबई, कुठूनही चाळीसगावला रेल्वेने थेट येता येतं. निघण्याआधी संग्रहालय उघडं आहे ना याची चौकशी करून घ्या. सवड काढून या, लहान मुलांना बरोबर आणा. प्रेमाची गोष्ट कुणी ना कुणी तुम्हाला सांगेलच, ती ऐका. मग बर्फाच्या एका देखाव्यासमोर उभे राहा आणि सावल्या कुठून कुठे पडल्या आहेत ते बघा, दिवा कुठे ठेवला असेल ते शोधा.