खड्ड्यातला वायू आणि बंबवाले

गुढीपाडव्याचा दिवस होता. तारीख ९ एप्रिल २०२४. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात वाकडी नावाचे गाव आहे. तिथे एक जुनी, वापरात नसलेली विहीर होती. तिच्यात गोबर गॅसची स्लरी साठवत. त्या विहिरीत एक मांजर पडले. मुका जीव तडफडतो आहे, हे कोणाला बघवेल? एक जण त्याला काढायला उतरला. तो वर येईना, म्हणून दुसरा उतरला. मग तिसरा. अशी सहा माणसे आत गेली. पाच मेली. त्यांतली काही तर एकाच घरातली. सहाव्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. वरच्या लोकांनी त्याला ओढून काढले, म्हणून तो वाचला.

ही माणसे वेडी नव्हती. पोहता येत नव्हते म्हणून मेली, असेही नाही. त्यांना मारले ते वायूने. आपल्या धाराशिव जिल्ह्यातही गोठे आहेत, गोबर गॅस आहे, पडक्या विहिरी तर गावोगाव आहेत. म्हणून हा वायू काय आहे, आणि बंबवाले आले म्हणजे ते काय करतात, हे आम्ही इथे सांगणार आहोत.

शेण पाण्यात कुजते. हवा लागत नाही तिथे कुजते, तेव्हा त्यातून वायू निघतो. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन असतो. हाच चुलीत जळतो. बाकीचा बहुतेक कर्बवायू, म्हणजे आपण श्वासातून बाहेर टाकतो तो. आणि थोडासा असतो हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच.

प्रमाणाने हा थोडा, पण सगळ्यांत घातकी. तो विषारी आहे आणि पेटतोही. हवेपेक्षा थोडा जड आहे, म्हणून खड्ड्याच्या तळाशी बसतो. वरून बघावे तर काहीच दिसत नाही. स्लरी स्थिर असते तोवर बराचसा वायू तिच्यातच अडकून राहतो. काठीने ढवळा, नाहीतर माणूस आत उतरू द्या, की भसकन बाहेर पडतो.

त्याची आणखी एक खोड ऐका. थोडा असला तर नाकाला झोंबतो. फार झाला की नाकच बधिर करतो. मग वास येईनासा होतो. माणसाला वाटते, गॅस गेला वाटतं! खरे तर तेव्हाच तो जास्त झालेला असतो. त्याहून दाट झाला तर दोन-चार श्वासांतच माणूस कोसळतो. हाक मारायलाही सवड मिळत नाही. वरच्या माणसाला वाटते, पाय घसरून पडला असेल. आणि तो मदतीला उतरतो.

आता कोणी म्हातारे माणूस म्हणेल, “आमच्या वेळी विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचो. कंदील विझला तर उतरायचं नाही.” ही रीत शहाणपणाची होती, यात शंका नाही. कोरड्या विहिरीत कर्बवायू साचला असेल तर दिवा विझतो. पण दिवा पेटता राहिला म्हणजे धोका नाही, असे मात्र नव्हे. माणूस मरेल इतका हायड्रोजन सल्फाइड असला तरी दिवा जळत राहू शकतो. आणि शेणाच्या खड्ड्यात तर कंदील कधीच सोडू नये. हवेच्या शंभर भागांत पाच ते पंधरा भाग मिथेन मिसळला, की एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून विडी नको, काडी नको, विजेचे बटणही नको. मोबाइलवर बोलायचे तेही दूर जाऊन.

तोंडाला ओले फडके बांधून उतरू का, असे पुष्कळ जण विचारतात. नाही. फडक्याने धूळ अडते, वायू अडत नाही. आणि आत श्वासाला हवाच नसेल तर फडके ती आणणार कुठून?

विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवतात, त्यातही असाच धोका आहे. त्याच्या धुरातल्या वायूला तर वासही नसतो. इंजिन वर ठेवावे, एवढेच इथे सांगतो.

मग माणूस आत पडलाच तर करायचे काय? पहिली गोष्ट, दुसऱ्याला उतरू देऊ नका. हे सांगायला सोपे आहे. आत सख्खा भाऊ पडलेला असतो, बायको टाहो फोडत असते. अशा वेळी उतरू पाहणाऱ्याला दोघा-तिघांनी धरून ठेवावे लागते. धरावे. लगेच ११२ किंवा १०१ ला फोन करावा. “माणूस गॅसच्या खड्ड्यात पडला आहे,” असे स्पष्ट सांगावे. नुसते “माणूस पडला” म्हटले तर बंबवाले वेगळ्या तयारीने निघतील. १०८ ची गाडीही बोलवावी. आतला माणूस शुद्धीवर असेल तर वरूनच दोराचा फास सोडावा. तो काखेत अडकवून घेऊ शकला तर ओढून घेता येते. विहिरीची झाकणे उघडावीत आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे वायू आपल्याकडे न येता पुढे जातो.

बंब तालुक्याहून यायचा. कळंब किंवा भूमच्या आडगावी पोचायला वेळ लागतोच. आणि श्वास बंद पडला तर मेंदू चार-सहा मिनिटेच तग धरतो. म्हणजे कधी कधी बंब येईपर्यंत आतला माणूस गेलेला असतो. हे कडू आहे, पण लपवण्यात अर्थ नाही. बंबाची वाट बघताना एक जातो. वाट न बघता पाच गेले.

बंब आला की लोक ओरडतात, “अहो, उतरा की पटकन!” पण बंबवाले गाडी लांबच थांबवतात, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. गर्दी मागे हटवतात. एका लहान यंत्राने खड्ड्यातला वायू मोजतात. मग दोघे जण पाठीवर हवेची टाकी बांधतात आणि तोंडावर मुखवटा चढवतात. ती हवा अर्धा-पाऊण तास पुरते. संपत आली की शिट्टी वाजते. कमरेला दोर असतो, आणि दोर धरणारा वर असतो. आणखी दोघे तसेच सज्ज होऊन बाहेर उभे राहतात, आतल्यांना काही झाले तर त्यांना काढायला. हे सगळे करायला काही मिनिटे जातात. त्यांना भीती वाटते म्हणून नव्हे, तर तेच पडले तर गावात दुसरे कोण आहे?

बाहेर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत उताणे निजवावे, कपडे सैल करावेत. श्वास नसेल तर छाती दाबत राहावे. तोंडाला तोंड लावून फुंकर घालू नये. त्याच्या श्वासातला वायू आपल्याला बाधू शकतो.

मैल्याच्या टाकीतही हाच वायू असतो. ११ मे २०२३ रोजी परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात अशी टाकी साफ करताना पाच मजूर मेले. साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कोणी जास्त मजुरी देतो म्हणाला तरी नाही म्हणावे. उपसायचे यंत्र लावायला सांगावे.

आता रस्त्याचे. नळदुर्ग, उमरगा या गावांवरून सोलापूर-हैदराबादचा हमरस्ता जातो. तुळजापूर, धाराशिव, येडशी दुसऱ्या हमरस्त्यावर आहेत. त्यांवरून स्वयंपाकाच्या गॅसचे टँकर धावतात. एकेका टँकरमध्ये सतरा-अठरा टन गॅस मावतो. हा गॅसही हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरतो, नालीत उतरतो, घरात शिरतो. केरळात कण्णूरजवळ चाला या ठिकाणी २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री असा टँकर उलटला. गॅस आधी घराघरांत शिरला, मग पेटला. वीस माणसे गेली.

टँकर उलटून गॅस सुटला तर बघायला जाऊ नये. वाऱ्याच्या वरच्या बाजूने, निदान अर्ध्या कोसापर्यंत दूर जावे. चुली विझवाव्यात, गाड्या सुरू करू नयेत. टँकर पेटलाच असेल तर याच्या दुप्पट दूर जावे, कारण टाकी तापून फुटते. बंबवाले जळती ज्योत लगेच विझवत नाहीत, याचेही नवल वाटू देऊ नका. गळती बंद न करता ज्योत विझवली तर गॅस साचतो आणि पुन्हा भडकतो. म्हणून ते दुरून टाकीवर पाणी मारून ती थंड ठेवतात.

तुम्ही आता अक्षरे-आकडे वाचू लागला आहात, म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशा टँकरच्या बाजूला आणि मागे एक पाटी असते. तिच्यावर मालाचे नाव, चार आकडी क्रमांक आणि फोन नंबर असतो. स्वयंपाकाच्या गॅसचा क्रमांक १०७५. जवळ न जाता दिसली तर ती वाचावी. फोनवर गावाचे नाव, रस्त्यावरच्या दगडाचा किलोमीटर, वारा कोणत्या गावाकडे वाहतो आहे, आणि पाटीवरचे हे चार आकडे सांगावेत.