घाटवाटेची मोटारसायकल आणि आपले वेल्डर-मिस्त्री

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाकडे मोटारसायकलींची रांग लागते. कुणी कासला निघालेला, कुणी बामणोलीला. कास पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे वाढत गेले. सांगलीकडचे तरुण चांदोली, सागरेश्वर, दंडोबाच्या वाटा धरतात. या गाड्यांकडे एकदा नीट पाहा. इंजिनाभोवती पाइपचा पिंजरा, खाली जाड पत्रा, मुठींपुढे ढाल, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. यातील बराचसा माल बाहेरून येतो. तो आपल्या कुपवाड, मिरज, कराड, साताऱ्याच्या शेडमध्ये का तयार होऊ नये?

गाडी बदलली, काम बदलले

रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आली, हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आणि चाकणला बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये. पहिल्या हिमालयनचे पुढचे चाक २०० मिलिमीटर आणि मागचे १८० मिलिमीटर वरखाली होते. एक्सपल्सचे हेच आकडे १९० आणि १७० आहेत. खड्डा गिळण्याची ताकद या लांबीत आहे. पण कंपनी गाडी बनवते ती साधारण वजनाचा माणूस धरून. मागे दुसरा बसला, पेट्या भरल्या, की तीच गाडी बसते आणि दगडावर तळ आपटते. मिस्त्रीचे काम येथूनच सुरू होते.

हे काम आपल्याला परके नाही. दूधवाल्याच्या मोटारसायकलला किटल्या अडकवायची लोखंडी चौकट आपलेच वेल्डर वर्षानुवर्षे बनवत आले आहेत. पेट्यांची चौकट म्हणजे तिचीच धाकटी बहीण. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनत असे, किर्लोस्करवाडीने १९१० पासून लोखंडाचे काम या मातीत रुजवले. मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार लावत. तो काळ सरला तेव्हा त्यांच्या हातांनी सतार-तंबोरा घडवला आणि मिरजेचे नाव देशभर केले. गिऱ्हाईक बदलले की कसबाने वाट बदलायची असते.

लेगगार्ड : ताकद पाइपात नाही, बसवण्यात आहे

अनेकांना वाटते, पाइप जितका जाड तितका लेगगार्ड चांगला. ही समजूत महाग पडते. गाडी पडली की लेगगार्ड मार घेतो आणि तो जिथे बसवला आहे तिथे पोचवतो. एकाच बोल्टवर, तोही इंजिनाच्या कानावर बसवलेला जाड गार्ड वाकत नाही. इंजिनाचा कान तोडतो. मग गिऱ्हाइकाला केसिंगचा खर्च येतो आणि दोष मिस्त्रीच्या नावावर लागतो. गार्ड प्रत्येक बाजूला किमान दोन ठिकाणी धरलेला हवा आणि डावा-उजवा भाग आडव्या पट्टीने जोडलेला हवा. २२ ते २५ मिलिमीटरचा, सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा पाइप बहुतेक गाड्यांना पुरतो. गार्ड वाकावा, फ्रेम वाकू नये, हा नियम.

फ्रेमवर वेल्डिंग कधीही करू नका. उष्णतेने तिथला पोलाद कमजोर होतो. क्लॅम्प आणि बोल्ट वापरा. वेल्डिंग गार्ड उतरवूनच करा. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक असतो, गाडीवरच ठिणगी पाडली तर तो जळू शकतो. पाइप वळवताना चेपत असेल तर कोरडी वाळू भरून वळवा. पाइपची तोंडे बंद करा, तळाला बारीक छिद्र ठेवा. घाटातले पाणी आत साचले तर पावडर कोटिंग वरून चकचकीत राहते आणि पाइप आतून सडतो.

इंजिनाखालचा पत्रा तीन-चार मिलिमीटर ॲल्युमिनियमचा चालतो. ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक हवे, हवेची वाट मोकळी हवी आणि बुशाला रबर हवे. ॲल्युमिनियम जोडायला टिग वेल्डिंग लागते. ते येत नसेल तर पत्रा वाकवून बोल्टने बसवा. मुठीची ढाल लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. ब्रेकचा दांडा किंवा क्लचची केबल अडली, तर ती ढाल माणसाचा जीव घेईल.

शॉकअपचे काम : आधी मोजा, मग पाना उचला

मागचे चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. मग मालकाला सामानासह बसवून तेच माप पुन्हा घ्या. फरक चाकाच्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. १८० मिलिमीटरला सुमारे ६०. जास्त बसत असेल तर स्प्रिंगची रिंग आवळा. ध्यानात ठेवा, रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. रिंग संपली तरी गाडी बसतेच, तर जड स्प्रिंग घाला.

पुढच्या फोर्कमध्ये कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल दोन्ही बाजूंना सारख्या मापाने भरा. जाड ऑइल भरून गाडी ‘टाइट’ करण्याची पद्धत सोडा. दगडी वाटेवर मनगटे बधिर होतात. ऑइल सील गळत असेल तर आधी पाइपवरचे खड्डे बघा. खडबडीत पाइपवर नवे सील चार दिवस टिकते, आणि तेल डिस्कवर उतरले तर घाटात ब्रेक लागत नाही. वाकलेला पाइप व्ही-ब्लॉकवर फिरवून डायलने तपासा, गॅसने तापवून सरळ करू नका. गॅस भरलेला मागचा शॉकअप तर साधनाशिवाय उघडू नका, त्याला टॉर्चही दाखवू नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

कायदा आणि हिशेब

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसी बुकातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. फ्रेम कापणे म्हणूनच नाकारा. पेट्यांची चौकट बसवताना साडीगार्ड काढून टाकण्याची चूक होते. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणे नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहे. नंबरप्लेट, मागचा दिवा, इंडिकेटर झाकले जाता कामा नयेत.

दुकानदारांनी हेल्मेट ठेवताना आयएसआय मार्क पाहूनच माल घ्यावा. १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या दराने हिशेब करू नये. बिल द्या, आणि बिलावर पाइपची जाडी लिहा. पातळ पाइप घालून शंभर-दोनशे रुपये स्वस्त देणारा शेजारी दिसेल. त्याच्याशी भावात भांडू नका, लिहून दिलेल्या जाडीने भांडा.

सुरुवात कशी करावी? दहा गाड्यांचे सामान एकदम करू नका. आपल्या रस्त्यावर जास्त दिसणारी एक गाडी निवडा, तिच्या लेगगार्डचा एक पक्का जिग बनवा. जिगवर केलेला दहावा नग पहिल्यासारखाच बसतो, भोके जुळवायला फाइल लागत नाही आणि मजुरी वाचते. पहिला गार्ड स्वतःच्या गाडीला लावा, महिनाभर खराब रस्त्यावर चालवा, मगच विका. पुण्याचा गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतो. पण कासच्या वळणावर त्याची गाडी घसरली आणि तुमच्या गार्डने त्याचा पाय वाचवला, तर पुढच्या पावसाळ्यात तो एकटा येणार नाही.