एक यजमान, अनेक पाहुणे

चेन्नईच्या वायव्येस असलेल्या अंबत्तूरची ओळख दीर्घकाळ लोखंड, रबर आणि वंगणतेल यांच्याशी निगडित होती. टी. आय. सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच येथे आला. १९६४ साली तत्कालीन मद्रास राज्य शासनाने येथे औद्योगिक वसाहत वसविली आणि सुटे भाग, ओतकाम, तयार कपडे अशा असंख्य लघुउद्योगांनी ती भरून गेली. गावाच्या नावाचा अर्थ स्थानिक लोक ‘एक्कावन्नावे गाव’ असा सांगतात आणि त्याचा संबंध शक्तिपीठांच्या गणनेशी जोडतात.

अलीकडच्या काळात मात्र या वसाहतीत निराळ्याच प्रकारचे कारखाने उभे राहिले आहेत. त्यांना खिडक्या जवळजवळ नसतात, मालाच्या ट्रकांची रांग नसते, पाळी सुटल्याचा भोंगा नसतो. आत जाते ती वीज आणि बाहेर पडते ती उष्णता व माहिती. ही डेटा सेंटरे होत. एनटीटी या जपानी उद्योगसमूहाने २०२३ साली येथे सहा एकरांवर ३४.८ मेगावॉट क्षमतेचे संकुल आणले. एसटीटी जीडीसी आणि कंट्रोल एस या कंपन्यांची केंद्रेही अंबत्तूरमध्ये आहेत.

चेन्नईची निवड होण्यामागे समुद्र हे एक कारण आहे. चेन्नई ते सिंगापूर ही आयटूआय नावाची सागरी केबल २००२ सालीच कार्यान्वित झाली होती आणि त्यानंतर इतरही केबली या किनाऱ्याला लागल्या. देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठविली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बजावल्यानंतर देशांतर्गत जागेची निकड आणखी वाढली. दुसरे कारण पावसाचे आहे. मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो, तर चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई ठप्प झाली. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पाण्याखाली गेली. दोन्ही शहरांवर संकट आले, परंतु एकाच महिन्यात नव्हे. मुख्य केंद्र एका किनाऱ्यावर आणि पर्यायी केंद्र दुसऱ्या किनाऱ्यावर ठेवण्याच्या विचाराला या ऋतुमानाचाही आधार आहे.

अशा केंद्रात गेलेल्या पाहुण्याला कपाटांच्या रांगा दिसतात. कपाटात सर्व्हर असतात. परंतु साताऱ्यातील एखाद्या निवृत्तिवेतनधारकाने एटीएमवर शिल्लक विचारली, तर तिचे उत्तर देणारा संगणक या कपाटात बोट दाखवून सांगता येईलच असे नाही. कारण आज बहुतेक सर्व्हर हे ‘आभासी’ असतात. त्यांना स्वतःची पेटी नसते आणि विजेची स्वतंत्र दोरीही नसते.

याचे मर्म साधे आहे. एक शक्तिशाली सर्व्हर यजमान होतो आणि त्याच्या आत अनेक पाहुणे संगणक नांदतात. प्रत्येक पाहुण्याची समजूत अशी असते की प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क ही सर्व आपलीच आहेत. ही समजूत टिकवून ठेवणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायजर म्हणतात. कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. सर्वसामान्य सर्व्हरवर ती रुजली मात्र १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरमुळे आणि पुढे झेन, केव्हीएम, हायपर-व्ही यांच्यामुळे. पूर्वी प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर विकत घेतला जाई, आणि तो दिवसाचा बराच वेळ क्षमतेच्या अल्पशा भागावर चालत असे. वीज, जागा व वातानुकूलन यांचा खर्च मात्र पूर्ण लागे.

लिनक्सचा गाभा ज्या यजमानावर चालतो त्याचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २००७ पासून या गाभ्यातच केव्हीएमचा समावेश आहे. त्यामुळे यजमानाच्या दृष्टीने पाहुणा म्हणजे एक चालू प्रोग्राम असतो. पाहुण्याची हार्ड डिस्क ही बहुधा यजमानाच्या साठ्यावरील एक फाइल असते, आणि त्याचे नेटवर्क कार्ड यजमानाने तयार केलेल्या आभासी स्विचला जोडलेले असते. पाहुण्याला प्रोसेसर किती, मेमरी किती, डिस्क कोणती आणि जोडणी कोठे, याची नोंद एका मजकूर-फाइलमध्ये असते. खाते उघडण्याच्या अर्जासारखीच ती फाइल असते. अर्ज काळजीपूर्वक भरला नाही तर पुढे काय होते, हे शाखेत बसणाऱ्यांना सांगावयास नको.

पाहुणा निर्माण करणे ही आता काही मिनिटांची गोष्ट आहे. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो, आणि तो बँकेच्या माणसाला ओळखीचा वाटेल असा आहे. यजमानाकडे २५६ जीबी मेमरी आहे असे समजा. त्यावर प्रत्येकी १६ जीबीचे वीस पाहुणे वसविले, तर एकूण वचन ३२० जीबीचे होते. म्हणजे जे जवळ नाही तेही देऊ केले गेले. ही फसवणूक आहे काय? असेल, तर ठेवीदारांच्या पैशांतून कर्ज देणारी प्रत्येक बँक तीच करते! सर्व ठेवीदार एकाच दिवशी सर्व रक्कम मागावयास येत नाहीत, या अनुभवसिद्ध विश्वासावर बँकिंग उभे आहे. सर्व पाहुणे एकाच क्षणी सर्व मेमरी मागत नाहीत, या विश्वासावर यजमान उभा असतो. मेमरी कमी पडू लागली, तर यजमान एका पाहुण्याच्या आत ‘फुगा’ फुगवून त्याची न वापरलेली मेमरी परत घेतो व दुसऱ्यास देतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर मेमरीतील मजकूर डिस्कवर ठेवावा लागतो. डिस्क मेमरीपेक्षा अतिशय मंद असल्याने त्या यजमानावरील सगळेच पाहुणे अडखळू लागतात.

परंतु येथे एक भेद आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. हजारो ठेवीदारांच्या गरजा सहसा परस्परांपासून स्वतंत्र असतात. एकाच बँकेच्या वीस आभासी सर्व्हरांच्या गरजा तशा नसतात. महिनाअखेरीस पगार जमा होतात, निवृत्तिवेतन जमा होते, कर्जाचे हप्ते वळते होतात, व्याजाची आकारणी होते आणि अहवालही त्याच रात्री तयार होतात. इतर पंचवीस दिवस शांत असलेले पाहुणे त्या रात्री एकदम जेवणाच्या पंक्तीला बसतात. महिन्याच्या सरासरीवरून मेमरीचे नियोजन करणारा व्यवस्थापक त्या रात्री अडचणीत येतो. आकडा पाहावयाचा असेल, तर तो सरासरीचा नव्हे, सर्वांत कठीण रात्रीचा पाहिला पाहिजे. मुख्य खातेप्रणाली, विशेषतः तिचा डेटाबेस, ज्या पाहुण्यावर असेल त्याची मेमरी पूर्णपणे राखून ठेवावी आणि वचनाची उदारता चाचणीच्या किंवा दुय्यम कामाच्या पाहुण्यांपुरतीच दाखवावी, हे शहाणपणाचे.

राखीव निधीचा नियमही येथे लागू पडतो. तीन यजमानांपैकी एक बंद पडला, तर उरलेल्या दोघांनी सर्व पाहुणे सांभाळावयाचे असतात. म्हणून तिन्ही यजमान दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नयेत. खर्चाच्या आढाव्यात हा रिकामा तृतीयांश डोळ्यांत खुपतो आणि ‘येथे आणखी दहा सर्व्हर बसतील’ अशी सूचना हमखास येते. ती मान्य झाली की राखीव निधी खर्ची पडला, इतकेच. हानी मात्र यजमान बंद पडेपर्यंत कोणाच्या ताळेबंदात दिसत नाही.

साठ्याची गोष्टही अशीच. पाहुण्याला १०० जीबीची डिस्क दिली, तरी प्रत्यक्षात ती वापराप्रमाणे हळूहळू वाढत जाते. एका पाहुण्याची डिस्क भरली तर तो एकटा अडतो. परंतु यजमानाचा साठाच भरला, तर त्यावर लिहू पाहणारे सगळेच पाहुणे थबकतात.

दुसरी चूक कागदावर दिसत नाही. महत्त्वाच्या सेवेसाठी दोन सर्व्हर ठेवतात, एक पडला तर दुसरा उभा असावा म्हणून. पण ते दोन्ही पाहुणे एकाच यजमानावर असतील तर? कर्जदार आणि जामीनदार ही एकच व्यक्ती असल्यासारखेच ते होय. चालू पाहुण्यास क्षणभरच थांबवून एका यजमानावरून दुसऱ्यावर हलविण्याची सोय आता सर्रास उपलब्ध आहे. ती उपयुक्त आहे, पण भार समतोल राखण्याच्या ओघात एखादी जोडी नकळत एकाच छताखाली येऊ शकते. म्हणून ‘हे दोघे कधीही एकत्र राहणार नाहीत’ असा नियम प्रणालीतच नोंदवून ठेवावा लागतो.

स्नॅपशॉट या सोयीविषयीही थोडा गैरसमज आढळतो. एखादा बदल करण्यापूर्वी पाहुण्याची तत्कालीन स्थिती गोठवून ठेवता येते आणि बदल फसला तर मागे फिरता येते. मात्र स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो सहसा त्याच साठ्यावर असतो. पासबुकाची छायाप्रत पासबुकाच्याच पेटीत ठेवण्यासारखे ते आहे. तो विसरला गेला तर जागा खात वाढत राहतो. शिवाय खातेवहीचा सर्व्हर कालच्या स्नॅपशॉटवर परत नेला, तर आजचे सर्व व्यवहार त्याच्या स्मृतीतून जातात, ग्राहकाच्या खिशात पैसे पोहोचलेले असले तरी.

पाहुण्याने तिसऱ्या दिवशी निरोप घ्यावा, असे आपल्याकडे म्हणतात. आभासी पाहुणे मात्र स्वतःहून कधीच उठत नाहीत. चाचणीसाठी आठवडाभर उभा केलेला सर्व्हर तीन वर्षांनीही चालू असतो. मागविणारे अधिकारी बदलीवर गेलेले असतात आणि बंद करण्याचे धाडस कोणी करत नाही. निष्क्रिय खात्यांवर बँका जशी वेगळी नजर ठेवतात, तशीच या बेवारस पाहुण्यांवर ठेवणे अगत्याचे आहे, कारण त्यांच्या सुरक्षा-दुरुस्त्याही कोणी केलेल्या नसतात.

वापरात नसलेली वस्तू किती महाग पडू शकते, याचे एक बोलके उदाहरण मे २०१५ मध्ये समोर आले. केव्हीएम व झेन ज्या क्यूईएमयू प्रणालीचा उपयोग करतात, तिच्यातील आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या भागात ‘व्हेनम’ नावाने ओळखला गेलेला दोष सापडला. फ्लॉपी काळाच्या पडद्याआड गेली होती. पण २००४ पासून तेथे असलेल्या त्या दोषातून पाहुण्याला यजमानाच्या घरात शिरता येण्याची शक्यता होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर हल्लेखोरांनी जगभरातील ईएसएक्सआय या यजमान प्रणालींनाच लक्ष्य केले. ज्या दोषाकडे तेव्हा बोट दाखविले गेले, त्याची दुरुस्ती दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेली होती. यजमानाला कुलूप पडले की वीसही पाहुण्यांना पडते. म्हणूनच यजमानाच्या व्यवस्थापनाचा मार्ग ग्राहकसेवेच्या जाळ्यापासून वेगळा ठेवावा, त्याच्या चाव्या मोजक्या हातांत असाव्यात आणि प्रत्येक प्रवेशाची नोंद व्हावी. रोखतिजोरीच्या दुहेरी चाव्यांचा नियम येथे कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही.

हे सर्व केवळ तांत्रिक नाही. २१ नोव्हेंबर २०२० रोजी एका मोठ्या खासगी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमधील वीजपुरवठा खंडित होऊन तिची इंटरनेट बँकिंग व देयक सेवा बंद पडली. त्याआधीही तिच्या सेवा विस्कळीत झाल्या होत्या. रिझर्व्ह बँकेने डिसेंबरच्या आरंभी त्या बँकेच्या नव्या डिजिटल योजना आणि नवे क्रेडिट कार्ड ग्राहक घेणे तात्पुरते थांबविले.

अंबत्तूरच्या लघुउद्योजकांपुढे हाच प्रश्न लहान प्रमाणात उभा राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने वसाहतीत पाणी शिरले आणि अनेक कारखान्यांतील यंत्रे पाण्यात बुडाली. ओतकामाची भट्टी उचलून नेता येत नाही. तळमजल्यावरील हिशेबाचा सर्व्हरही ऐन पुरात उचलणे कठीण. परंतु तो सर्व्हर आभासी पाहुणा असेल, तर तो अखेर काही फाइलींचा संच असतो, आणि त्याची प्रत दररोज रात्री दुसऱ्या गावातील यजमानाकडे पाठविता येते. कर्जप्रस्तावासोबत यंत्रांच्या विम्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने या प्रतीचीही चौकशी करावी. येणी कोणाकडून किती, हे जेथे लिहिलेले आहे तीच वही बुडाली, तर पूर ओसरल्यावर वसुली कशी व्हावयाची?

प्रत असणे आणि ती चालणे या मात्र दोन गोष्टी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ७ नोव्हेंबर २०२३ च्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निदेशांनुसार महत्त्वाच्या प्रणालींसाठी पर्यायी केंद्राची तालीम किमान सहा महिन्यांतून एकदा घ्यावी लागते. तालमीत क्रमाला मोठे महत्त्व असते. आधी नेटवर्क, संगणकांची नावे पुरविणारा पाहुणा आणि घड्याळ जुळविणारा पाहुणा उठवितात, कारण वेळ चुकली तर व्यवहारांचा क्रमही चुकतो. मग डेटाबेस उठतो आणि त्याने अखेरची नोंद कोणती, हे पडताळले जाते. त्यानंतर खातेप्रणाली, आणि सर्वांत शेवटी एटीएम व मोबाईल बँकिंगची दारे उघडतात. घाईने दारे आधी उघडली, तर ग्राहक आत येतात आणि काउंटरवर कोणीच नसते.